लातूरहून आणलेला आवाज

लातूर

शनिवार, १८ जानेवारी. हजर: मी (सुमन), माझा थोरला भाऊ मधुकर, म्हणजे दादा, आणि काळ्या पेटीत दादाचा बेस गिटार. गैरहजर: बेसचा आवाज. तो आणायलाच आम्ही मिरजेहून निघालो होतो.

ज्यांचा या वाद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेस म्हणजे चार जाड तारांचा, खर्जात बोलणारा इलेक्ट्रिक गिटार. गाणं ऐकताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण तो थांबला की गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखं होतं. त्याच्या तारांखाली काडेपेटीहून जरा मोठी डबी बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. आत चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार थरथरली की या वेढ्यांतून किंचित वीज उठते आणि स्पीकर बोलतो. दादाच्या पिकअपमधली तार आतल्या आत तुटली होती. बेस दिसायला धडधाकट आणि पुरता मुका.

दादाने तरुणपणी मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रात हा बेस वाजवला. जपानी बनावटीचा आहे. डोक्यावरचं कंपनीचं नाव केव्हाच घासून गेलं. वहिनी गेल्यापासून त्याने पेटी उघडलीच नव्हती. या वर्षी त्या ऑर्केस्ट्रातले उरलेले लोक आमच्या कॉलनीत प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी पुन्हा जमणार होते, आणि दादा कधी नव्हे ते हो म्हणाला. पेटी उघडली, तर हे.

मिरजेत सतारी आणि तानपुरे करणारी घरं आहेत. त्यांनी बेसच्या मानेवरची चीर इतकी सुरेख बुजवली की बोटाला लागत नाही. पिकअप पाहून मात्र हात जोडले. विजेचं काम त्यांचं नव्हे. नवे पिकअप बाजारात मिळतात, पण ते या बेसच्या खोबणीत बसत नाहीत. लाकूड कापावं लागतं. दादा म्हणाला, "त्याच्या पोटाला करवत लावायची नाही." मग त्यालाच आठवलं की त्याच खेपेतले तीन-चार बेस तेव्हा लातूर-नांदेडच्या ऑर्केस्ट्रांनी घेतले होते. मी फोन केले, पत्ते काढले, तिकिटं काढली. मी एका तंत्रनिकेतनाच्या भांडारात काम करते. हवी ती वस्तू कुठे पडून आहे हे शोधणं आणि ती तिथून हलवणं, हेच माझं आयुष्य. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, छोटी पक्कड, चिकटपट्टी आणि संक्रांत नुकतीच झाली म्हणून तिळगुळाची पुडी.

लातूरच्या स्टँडसमोर सुशीला खाल्ला. आमच्याकडे चिरमुऱ्याचा भडंग होतो, कुरकुरीत. इथे तेच चिरमुरे भिजवून कांदा-मिरचीवर परततात आणि शेंगदाण्याचं कूट घालतात. दादाला वाटलं, कुणीतरी भडंगावर पाणी सांडलं. दुसऱ्या घासानंतर त्याने आणखी एक बशी मागवली.

मुरुड

पहिला पत्ता लातूरजवळच्या मुरुडचा. व्यंकटरावांची बेंजो पार्टी आहे. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारवाद्य. इकडे वरातीला ते भोंग्यावर लावून वाजवतात आणि अर्धं गाव त्याच्यामागे नाचतं. व्यंकटराव गोल चेहऱ्याचे, पांढरी टोपी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारायची सवय. दादाच्या खांद्यावर पहिल्या पाच मिनिटांत बऱ्याच पडल्या.

"या की वो! मिरजेवरनं आलाव? अन् यवढ्यासाठी? लई हौशी हाव तुम्ही."

त्यांच्या खोलीत ढोल, झालरी आणि विजेच्या माळांच्या खाली खरोखरच दादाच्या बेसचा भाऊ निघाला. तोच आकार, तोच रंग, मान मोडलेली. पिकअपच्या जागी खोबण तेवढी होती.

"पिकअप कुठंय?" मी विचारलं.

"हे काय, बोलायलाय की!" व्यंकटरावांनी कोपऱ्यातला बेंजो पुढे ओढला. तारांखाली दादाच्या बेसमधली डबी जशीच्या तशी, चिकटपट्टीने बसवलेली. त्यांनी भोंगा लावून एक तुकडा वाजवला. दारातली शेळी उठून गेली.

"अस्सल माल. नवा लावला तर नुस्ता किरकिर करतो. हा कसा, छातीत बोलतो."

मी विचारायच्या आतच त्यांनी हात आडवा केला. "हा देत न्हाई बरं का ताई. लगीनसराई तोंडावर हाय. वाईट वाटून घेऊ नका."

मला अजिबात वाईट वाटलं नाही. असा चोख नकार मला आवडतो. आमच्याकडेही असंच, हो तर हो, नाही तर नाही. मोडक्या बेसची एक खुंटी मात्र त्यांनी आपणहून काढून दिली, कारण दादाची तिसरी खुंटी सैल फिरायची. चहा झाला, ओल्या हुरड्याचं ताट झालं, आणि निघताना ते म्हणाले, "तसला धडधाकट बेस आता लातुरात एकच हाय. गंजगोलाईमागं मकबूलभाईचं गादीघर. बघून या, जीव खूश होईल. पण मागू नका."

"का?"

"न्हाई, आपलं बघून या." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते सुपारी घ्यायला लागले, म्हणजे लग्नाची.

बसमध्ये दादा म्हणाला, "मागू नका म्हणालेत."

मी म्हणाले, "भाव वाढवायची रीत असते ती."

पुन्हा लातूर

रविवार. मकबूलभाईंचं गादीघर म्हणजे पुढे दुकान, मागे घर. दुकान आता त्यांचा मुलगा सलीम पाहतो. मशीनवर कापूस पिंजतो आणि त्याच्या भुवयांवर कायम बर्फ पडलेला असतो. मकबूलभाई सत्तरीचे, बारीक, इस्त्रीच्या कुर्त्यात. दादाने नाव सांगताच त्यांनी त्याला मिठीच मारली. एका गणेशोत्सवात सोलापूरला दोघे एकाच मांडवात आगेमागे वाजवून गेले होते, असं निघालं. दोघांनाही एकमेकांचा चेहरा आठवत नव्हता. दोघांनाही एकमेकांचा बेस आठवत होता.

मागच्या खोलीत दिवाण, शेजारी लाकडाचं मोठं स्पीकरचं खोकं, आणि भिंतीवर कापूस पिंजायची जुनी कमान, माणसाएवढी, तात म्हणजे आतड्याची तार चढवलेली.

"हा आमच्या अब्बांचा बेस," मकबूलभाई म्हणाले. "एकच तार. पिंजायला बसले की गल्लीभर धुंई धुंई. मी चार तारांचा घेतला तर म्हणाले, तीन फुकट घेतल्यास."

दादा कित्येक दिवसांनी मोठ्याने हसला.

मग मकबूलभाई एकदम गंभीर झाले. "मिरजेचे म्हणालात ना?"

"हो."

"ते रेल्वेनं पाणी आलतं, तुमच्या मिरजेचं. दुष्काळात. आम्ही हंड्याला कुलूप लावून झोपायचो त्या टायमाला. सलीमची आई नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूपुरतं पाणी राखून स्वतः कमी प्यायची." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "मिरजेचा माणूस माझ्या घरी आजवर आला नव्हता. आज आला."

त्या पाण्याशी माझा काय संबंध? आमच्या गावाच्या स्टेशनात वाघिणी भरल्या, एवढाच. पण कौतुक होत होतं, होऊ दिलं.

त्यांनी बेस काढला, खोक्याला जोडला आणि वाजवायला सुरुवात केली. मी गाण्यातली फार जाणकार नाही. पण तो आवाज खोलीत आला तो जमिनीतून आला. दिवाणावर बसलेल्या माझ्या मांड्यांना आधी कळला, कानांना नंतर. त्याच वेळी आतून त्यांची पत्नी आली. रझियाभाभी. ठेंगण्या, डोक्यावरून पदर. सरळ येऊन खोक्याजवळ बसल्या आणि त्यावर तळवा ठेवला. खोकं हलू नये म्हणून धरत असतील, असं मला वाटलं. गाणं संपल्यावर मी उठून तिळगूळ पुढे केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्यांनी घेतला, मान डोलावली आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. जरा शिष्टच आहेत, असं मनात येऊन गेलं.

मी मुद्द्यावर आले. दादाचा बेस उघडून दाखवला. "भाई, पिकअप अगदी हाच. आमचा मेला. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे."

मकबूलभाईंनी दादाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बेसकडे. "तुमचाच आहे म्हणा."

"म्हणजे देता?"

"मिरजेच्या माणसाला न्हाई कसं म्हणू मी? घर तुमचं, चीज तुमची." तेवढ्यात अजान झाली. ते उठले. "मी नमाज पढून येतो. चहा घ्या तवर. आरामात बसा."

ते गेले. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"सुमे, थांब," दादा म्हणाला. "माणूस परत येऊ दे."

"दादा, दिला म्हणाले ना? बसवून देणारा नांदेडला आहे आणि नांदेडची गाडी साडेपाचला आहे. ते आल्यावर पुन्हा तेच बोलणं, तोच चहा."

"अगं, पण..."

"मग तू विचार. आहे तुझ्यात दम?"

दादात तो दम कधीच नव्हता, हे मला माहीत होतं. मी तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, डबी उचलली. खालच्या दोन वायरी पक्कडीने कापल्या. भांडारात जुन्या यंत्राचा भाग काढताना हात जसा चालतो तसाच चालला. दादा भिंतीवरच्या कमानीकडे बघत बसला.

मकबूलभाई दारात आले आणि थांबले. दिवाणावर बेस उताणा, तारा लोंबत, मधोमध भोक. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "वा! ताईंचा हात लई सफाईचा आहे."

मी ते कौतुक समजले.

दुकानातून त्यांनी मूठभर पिंजलेला कापूस आणला आणि डबी त्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी पैशाचं पाकीट काढलं तर असे मागे सरकले, जणू मी चटका दिला. रझियाभाभी चहाचे कप न्यायला आल्या. त्यांनी भोकाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. भाभींनी बोटांनी काहीतरी खूण केली, मकबूलभाईंनी उलट खूण केली, आणि कप तिथेच टाकून त्या आत गेल्या. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय, म्हणून मी तोंड दुसरीकडे केलं.

दारापर्यंत सोडायला आलेले मकबूलभाई दादाला म्हणाले, "आवाज आला की फोन लावा, भाईसाब. मला ऐकवा."

रिक्षात मी वहीतल्या कामांच्या यादीत ‘पिकअप’वर काट मारली आणि दादाला म्हणाले, "बघ, विचारलं की मिळतं."



नांदेड

सोमवारी सकाळी गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरला पंगतीत बसलो. रोटी वाढणारा पुढून येतो आणि ती ताटात टाकत नाही. आपण दोन्ही तळवे पसरायचे, त्यावर तो ठेवतो. नको-नको, अर्धीच, असं काही चालत नाही. मला ही पद्धत फार पसंत पडली. आमच्याकडे आग्रहाचा केवढा खेळ असतो! मी दादाला म्हटलं, घेणाऱ्याने लाजू नये, हे खरं. हे वाक्य मी स्वतः बोलले, तळवे पसरून, म्हणून इथे लिहिते आहे.

बालाजीचं दुकान जुन्या गावात, गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्लीत. ॲम्प्लिफायर, भोंगे, ऑर्केस्ट्राची वाद्यं दुरुस्त करतो. चाळिशीचा, मूळचा उमरीचा, तोंडाचा फटकळ. काम करताना आमच्या मिरजेच्या बोलीची नक्कल करत होता. "काय ओ पावनं, काय म्हंतासा?" दादाने खुंटी बदलून घेतली, बालाजीने पिकअप बसवला. डबी आमच्या खोबणीत अशी बसली की जणू तिथलीच. मग त्याने वायर जोडली आणि दादाला म्हणाला, "हाणा काका."

दादाने सर्वात जाड तार छेडली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ दाबून धरलेले, डोळे मिटलेले. वहिनी गेल्या त्यानंतर हा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. बालाजी टेबलावर ठेका धरून बसला. गल्लीतला भाजीवाला गाडा थांबवून आत डोकावला.

"लई भारी! कुठं घावला हा? असला माल आता न्हाई मिळत."

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. लातूर, गादीघर, मकबूलभाई, मिरजेचं पाणी, आणि गाडी चुकू नये म्हणून मी ते नमाजाला गेले तेवढ्यात कसं झटपट उरकलं.

बालाजीचा ठेका थांबला. त्याने ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं.

"मकबूलचाचाच्या बेसचा काढला?"

"हो."

"मग चाची कशात ऐकणार?"

मला कळेना.

"चाचीला ऐकू येत न्हाई, ताई. साफ न्हाई. लई वर्षं झाली, तापात कान गेले. मशीन लावून बघितली, गुण न्हाई. ते लाकडी खोकं मीच करून दिलंय त्यायला. खास. खालच्या सुराला अख्खं लाकूड थरथरतं. चाचा रोज दिवस कलला की, असरच्या नमाजनंतर वाजवतात अन् चाची हात ठेवून बसतात. गाणं कुठलं ते हातानं वळखतात. बेस तेवढाच त्यायला पोचतो, बाकी गाणं-बिणं काय न्हाई."

 माझ्या डोळ्यांपुढे तो खोक्यावरचा तळवा आला. आणि मी पुढे केलेला तिळगूळ. गोड बोला.

"पण ते म्हणाले, तुमचाच आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकवेना.

"आवो ताई, आमच्याकडं पाहुण्यानं भिंतीकडं बघून छान हाय म्हटलं तर भिंत बी तुमचीच म्हणत्यात! तवा आपण म्हणायचं, नको नको, असू द्या, तुमच्याकडंच शोभते. ते म्हणणार, न्हाई, न्याच. आपण पुन्हा नको म्हणायचं. तीनदा. मग चहा प्यायचा अन् घरी जायचं." तो दादाकडे वळला. "काका, तुमाला बी न्हाई कळलं?"

"कळलं होतं," दादा म्हणाला.

एवढंच. त्याने पट्टा खांद्यावरून काढला, बेस टेबलावर ठेवला. "काढ, बालाजी."

"पुन्हा उघडझाप नको, काका. आतली तार जुनी हाय, तुटली तर कुणाचाच न्हाई राहायचा. अख्खा बेस घेऊन जा. चाचा म्हणतील तसं करू. मी येतो तिकडं."

मजुरी मात्र त्याने घेतली. मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्याकडून काहीतरी घेतलं.

तिसऱ्यांदा लातूर

मंगळवारी अहमदपूरवरून उलट आलो. वाटेत तुरीच्या राशी चालल्या होत्या, खिडकीतून धूळ येत होती. दादा तोंडावर रुमाल धरून बसला आणि त्या रुमालाआडून एकदाच बोलला. "मी थांबवायला पाहिजे होतं तुला. पण मला पण हवाच होता तो."

सलीमने दुकानातून हात केला. "अब्बा मागं हायेत, जा की."

मागच्या खोलीच्या दारात आम्ही दोघे थांबलो. भिंतीवरची कमान खाली काढलेली होती. तिचं एक टोक त्या खोक्यावर टेकवलेलं होतं, दुसरं मकबूलभाईंच्या खांद्यावर. ते अंगठ्याने तात छेडत होते. धुंई. धुंई. एकच सूर, कधी जलद, कधी सावकाश. रझियाभाभी खोक्यावर तळवा ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, शाळेत न येणारं गणित सोडवणाऱ्या मुलीसारख्या, आठ्या होत्या.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळण्यासारखी मी नाही, म्हणून उभी राहिले.

"अरे, भाईसाब!" मकबूलभाई उठले. "आवाज आला?"

दादाने उत्तर दिलं नाही. बेस काढून खोक्याला जोडला आणि तिथेच जमिनीवर बसून वाजवायला लागला. रझियाभाभींचा तळवा लाकडावर दाबला गेला. आठ्या गेल्या. थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले, मग उघडले, नवऱ्याकडे पाहिलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही न्हाई!"

मकबूलभाई हसले. दादाने बेस त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी वाजवला. भाभींनी मान डोलावली आणि पदराने तोंड पुसलं.

मग मी बोलले. तयारी करून आले होते. त्यातलं काही आठवलं नाही. "भाई, माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं. हा बेस इथेच राहू दे. पिकअप काढायला बालाजी येतोय."

त्यांनी बेस पुसला आणि दादाच्या पेटीत ठेवला. अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"दिलेली चीज परत घ्यायची? असा काय गुन्हा झाला आमच्याकडून?"

"गुन्हा माझा आहे."

"तुमच्या मिरजेनं गाडी भरभरून पाणी पाठवलं. ते परत मागितलं का कुणी?"

"ते पाणी मी नव्हतं दिलं, भाई! सरकारने दिलं, रेल्वेने आणलं. मी फक्त त्या गावात राहते."

त्यांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा आला. "मग मी पण तुम्हाला कुठं दिला? मिरजेला दिला."



जेवणाशिवाय सोडलं नाही. खिचडी आणि चिंचेचं खट्टं. रझियाभाभींनी माझ्या ताटात स्वतः वाढलं, दोनदा. मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून म्हणाले, "माफ करा." त्यांनी ओठांकडे लक्ष देऊन पाहिलं आणि पुन्हा खिचडी वाढली.

निघताना दादाने एक खटपट केली. बेसची पेटी दिवाणाच्या मागे सरकवली आणि मोकळ्या हातांनी माझ्यामागे चालू लागला. आम्ही स्टेशनवर पोचलो तर पाठोपाठ सलीम मोटरसायकलवर, पेटी पोटाशी धरलेली, भुवयांवर कापूस.

"विसरलात, काका." मग मला म्हणाला, "अब्बा म्हणले, पेटी गाडीत चढवल्याबिगर घरी येऊ नको. घ्या वो, मला दुकान उघडायचंय."

मिरज

रविवारी कार्यक्रम झाला. दादाचा बेस वाजला, म्हणजे फारच चांगला वाजला. लोक म्हणाले, तोच आवाज, जुना. मी पहिल्या रांगेत होते. ठरल्याप्रमाणे लातूरला फोन लावला आणि स्टेजकडे धरला. पलीकडून मकबूलभाई "वा, वा" म्हणत होते. मधेच म्हणाले, "सलीमच्या आईला देतो, थांबा." मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फोन हातात धरून भाभींना काय कळलं असेल? मला ते विचारायचा धीर झाला नाही. मी उठून स्टेजच्या कडेला गेले आणि मोठ्या स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवला. गाणं संपेपर्यंत तशीच उभी होते. मला एकही गाणं ओळखता आलं नाही.

दादाने पेटी पुन्हा बंद करून ठेवली आहे. आधी तिकडचं, मकबूलभाईंच्या बेसचं होऊ दे, म्हणतो.

तिकडचं अजून झालेलं नाही. हैदराबाद, सोलापूर, उदगीर, कोल्हापूर, सगळीकडे विचारून झालं. त्या खोबणीत बसणारा पिकअप कुठेच नाही. शेवटी मी मुरुडला व्यंकटरावांना फोन केला. काही मागितलं नाही; झालं ते सगळं सांगितलं, काहीही न वगळता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं, ताई. मागू नका म्हणून."

"हो."

"बेंजोचा घेऊन जा मग. तुमचाच हाय."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नको नको, असू द्या. लगीनसराई आहे तुमची."

"न्हाई वो, न्या की."

"नको."

"न्या म्हणतोय ना."

"नको, खरंच, तुमच्याकडेच शोभतो."

तीनदा झालं. व्यंकटराव "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता ते खरं बोलत होते की रीत पाळत होते, मला कळत नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, फोनवर नाही कळत, जाऊन माणसासमोर बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, आणि तो उठेपर्यंत आपण उठायचं नसतं. तेव्हा मुरुडला जायचं आहे. कधी, ते ठरलेलं नाही. स्क्रूड्रायव्हर मी भांडारात जमा केला आहे.